गिरणगावातून विधानसभेला अपक्ष उभे राहायचे असेल, तर तयारी कशापासून करावी?

चाळकरीण:

नमस्कार. मी लालबागच्या एका उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) चाळीत लहानाची मोठी झाले आणि लग्नानंतरही दोन गल्ल्या सोडून तिथेच राहिले. आमच्या आणि शेजारच्या तीन इमारतींची मिळून एक रहिवासी समिती आहे. तिची चिटणीस म्हणून गेली नऊ वर्षे मी पुनर्विकासाच्या कामासाठी म्हाडाच्या कार्यालयापासून न्यायालयापर्यंत फेऱ्या घालते आहे. निम्मी बिऱ्हाडे सायनला प्रतीक्षानगरच्या संक्रमण शिबिरात गेली आहेत, काहींनी विकासकाकडून भाडे घेऊन डोंबिवली-दिव्याकडे घरे पाहिली आणि त्या भाड्याचे धनादेशही दीड वर्षापासून आलेले नाहीत.

समितीच्या गेल्या बैठकीत कोणीतरी म्हणाले की, दर निवडणुकीला आपण कोणाच्या तरी व्यासपीठाखाली निवेदन घेऊन ताटकळतो, त्यापेक्षा आपलेच माणूस उभे करू. आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. म्हणून २०२९ च्या विधानसभा निवडणुकीत शिवडी मतदारसंघातून अपक्ष उभे राहण्याचा विचार गांभीर्याने करते आहे. (यजमान म्हणतात, इतक्या आधी चौकशी करणारा उमेदवार त्यांनी आजवर पाहिलेला नाही.)

मी महापालिकेत लिपिक आहे, तेव्हा नोकरीत राहून अर्ज भरता येतो का, ही पहिली शंका. अपक्षाला दहा सूचक, म्हणजे अर्जावर सही करून नाव सुचवणारे मतदार, लागतात असे ऐकले. आमची निम्मी माणसे आता चाळीत राहत नाहीत, त्यांच्या सह्या चालतील का? म्हाडाच्या कार्यालयावर आम्ही मोर्चा नेला तेव्हा जमावबंदी मोडल्याबद्दल आमच्यापैकी सात जणांवर गुन्हा नोंदला गेला, तो अजून प्रलंबित आहे. एका नोंदणीकृत, परंतु मान्यता नसलेल्या पक्षाच्या पदाधिकाऱ्याने ‘आमचा एबी फॉर्म (पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचे पत्र) घ्या, सोपे जाईल’ असेही सुचवले आहे. आणि शेवटी खर्चाचे कसे करायचे? ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त नायब:

ताई, मी महसूल खात्यातून निवृत्त झालो आणि चार विधानसभा निवडणुकांत नामनिर्देशनपत्रे स्वीकारण्याच्या टेबलावर बसलो आहे, त्यामुळे कागदापुरते बोलतो. राजकारण इतरांनी सांगावे.

आपल्या नोकरीपासून सुरुवात करतो, कारण तिथे आपल्याच महापालिकेतले उदाहरण आहे. २०२२ च्या अंधेरी पूर्व पोटनिवडणुकीत ऋतुजा लटके उमेदवार होत्या आणि त्याही महापालिकेत लिपिक होत्या. त्यांचा राजीनामा वेळेत मंजूर होईना, म्हणून त्यांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. न्यायालयाने १३ ऑक्टोबरला आदेश दिला की, दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजेपर्यंत राजीनामा स्वीकारल्याचे पत्र द्यावे, आणि तो दुसरा दिवस म्हणजेच अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. त्यांच्या पाठीशी पक्ष होता, वकील होते, वर्तमानपत्रे होती. आपल्या पाठीशी रहिवासी समिती आहे. तेव्हा नोकरीत राहून अर्ज भरण्याचा विचार सोडून द्यावा, आणि राजीनामा दिल्याची पोचपावती हाती आली म्हणजे झाले असेही समजू नये. तो मंजूर झाल्याचे पत्र हातात हवे, तेही निवडणूक जाहीर होण्याच्या बरेच आधी. निवृत्तिवेतनाला आवश्यक सेवा किती झाली आहे, हे आस्थापना विभागात आजच विचारून घ्यावे. हा प्रश्न निवडणुकीचा नसला तरी घरच्या दृष्टीने सर्वांत मोठा तोच आहे.

आता सूचक. इथे कायद्यात एक गंमत आहे. उमेदवाराचे वय २५ पूर्ण असावे आणि नाव राज्यातील कोणत्याही एका विधानसभा मतदारसंघाच्या यादीत असावे, एवढेच बंधन आहे. म्हणजे आपण स्वतः उद्या डोंबिवलीला राहायला गेलात आणि नाव तिकडच्या यादीत गेले, तरी शिवडीतून उभे राहता येते; फक्त तिकडच्या नोंदीची प्रमाणित प्रत अर्जासोबत जोडावी लागते. सूचकांना मात्र ही मुभा नाही. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो आणि इतर सर्वांना दहा लागतात, आणि ते दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार असावे लागतात. अर्जावर प्रत्येकाचा यादीभाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहिलेला असतो, आणि छाननीच्या वेळी आम्ही तो यादीशी ताडून पाहतो. नऊ बरोबर आणि एक चूक निघाला, तरी तो अर्ज गेला. हात थरथरतो म्हणून अंगठा देणारे सूचक असतील, तर त्यांना अधिकाऱ्यासमोर यावे लागते.

याला उपाय एवढाच की, एक अर्ज भरून थांबू नये. एका मतदारसंघात एका उमेदवाराला चार नामनिर्देशनपत्रे देता येतात आणि अनामत एकदाच भरावी लागते. शक्य असेल तर चार अर्जांवर चाळीस वेगवेगळे सूचक घ्यावेत. अपक्षांचे अर्ज बाद होण्याची जी कारणे मी पाहिली, त्यांत सूचकांचा घोळ पहिला.

दुसरे कारण म्हणजे नमुना २६ चे शपथपत्र. त्यात आपली, पतीची आणि अवलंबितांची मालमत्ता, कर्जे, मागील पाच वर्षांच्या आयकर विवरणपत्रांतील उत्पन्न, शिक्षण आणि फौजदारी प्रकरणे लिहायची असतात. एकही रकाना मोकळा सोडू नये. जिथे सांगण्यासारखे काही नाही तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे स्पष्ट लिहावे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले आहे की, रकाने कोरे असतील तर अधिकाऱ्याने आठवण करून द्यावी, आणि तरीही ते भरले नाहीत तर अर्ज फेटाळावा. अर्ज घेताना आम्ही त्रुटींची एक तपासणी सूची देतो, ती न वाचताच खिशात घालणारे बरेच असतात.

मोर्च्यातील गुन्ह्यामुळे आपण अपात्र होत नाही. अपात्रता दोषसिद्धीने आणि शिक्षेने येते, तीही कायद्यात सांगितलेल्या प्रकारांत. परंतु प्रलंबित प्रकरण शपथपत्रात लिहिलेच पाहिजे, गुन्हा क्रमांक आणि पोलीस ठाण्यासह. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर अशा उमेदवाराला आपल्यावरील प्रकरणांची माहिती प्रचाराच्या काळात तीन वेळा वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर प्रसिद्ध करावी लागते. हक्काच्या घरासाठी रस्त्यावर उतरलेली बाई आणि खंडणीचा आरोपी, दोघांनाही जाहिरात सारखीच.

उरलेले थोडक्यात सांगतो. अनामत सर्वसाधारण उमेदवाराला १०,००० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला ५,००० रुपये. अर्ज सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेतच घेतले जातात. कार्यालयाच्या १०० मीटरच्या आत तीनच वाहने आणि दालनात उमेदवार धरून पाचच माणसे, तेव्हा ढोलताशे बाहेर ठेवावेत. अर्ज दिल्यानंतर आणि छाननीच्या दिवसाआधी राज्यघटनेप्रमाणे शपथ घ्यावी लागते. गर्दीत ती राहून गेलेला उमेदवार मी पाहिला आहे. २०२४ मध्ये अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली आणि शेवटची मुदत २९ ऑक्टोबर होती. मध्ये रविवार, आणि शेवटचा दिवस नेमका धनत्रयोदशीचा. शुभमुहूर्त म्हणून त्या दिवशी उडालेली झुंबड डोळ्यांपुढे आणावी आणि आपण पहिल्या दोन दिवसांतच यावे.

एबी फॉर्मविषयी एवढेच की, पक्ष मान्यताप्राप्त नसेल तर दहा सूचक त्यालाही लागतात. मग ‘सोपे’ नेमके काय होणार, हे त्या पदाधिकाऱ्यांनाच विचारावे.

डिपॉझिटवाला:

मी उपनगरातील एका मतदारसंघातून एकदा अपक्ष लढलो आहे आणि या आयडीवरून निकाल कळेलच. नायबसाहेबांनी अर्ज स्वीकारला जाईपर्यंतचे सांगितले. त्यानंतरचे मी सांगतो.

ताई, अपक्षाची खरी अडचण चिन्हाची असते. मोठ्या पक्षांचा उमेदवार ठरायच्या आधीपासून त्यांचे चिन्ह लोकांच्या डोळ्यांसमोर असते. आपल्याला अर्जात मुक्त चिन्हांपैकी तीन पसंतिक्रमाने लिहावी लागतात आणि त्यांतले एक माघारीची मुदत संपल्यावर मिळते. एकाच चिन्हावर दोन अपक्षांचा डोळा असला तर चिठ्ठी टाकतात. २०२४ चेच वेळापत्रक घ्या: ४ नोव्हेंबरला दुपारी ३ वाजता माघार संपली आणि १८ नोव्हेंबरला संध्याकाळी ६ वाजता प्रचार थांबला. म्हणजे पत्रके छापण्यापासून ती वाटण्यापर्यंत हातात दोन आठवडे. मुंबईत सव्वा कोटीच्या आसपास वस्ती आणि एक कोटी दोन लाखांच्या घरात मतदार, त्याला ३६ मतदारसंघांनी भागले की एकेका ठिकाणी पावणेतीन लाखांहून अधिक मतदार येतात. रोज वीस हजार माणसांना ‘माझे चिन्ह अमुक’ हे सांगत सुटायचे. मला मिळालेले चिन्ह माझ्या सख्ख्या मावशीला मतदानाच्या दिवशी आठवले नाही, आणि तिने हे मला निकालानंतर मोठ्या प्रामाणिकपणे सांगितले.

चिन्ह निवडताना ते लांबून ओळखू येईल आणि दुसऱ्या कोणाच्या चिन्हासारखे दिसणार नाही, असे पाहा. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात पिपाणी या चिन्हाला विजयी उमेदवाराच्या मताधिक्यापेक्षा जास्त मते पडली, आणि ती आपल्या ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या चिन्हाची असल्याचे सांगत पराभूत पक्षाने आयोगाकडे धाव घेतली. यंत्रावर आपले नाव कुठे येणार, हेही आधी समजून घ्या. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग इतर नोंदणीकृत पक्षांचे आणि शेवटी अपक्ष, प्रत्येक गटात मराठी वर्णानुक्रमे. उमेदवार बरेच असले की आपण ‘नोटा’च्या शेजारी जाऊन बसतो. आणि तो शेजार साधा नसतो: वर उल्लेख आलेल्या अंधेरी पूर्वच्या पोटनिवडणुकीत दुसऱ्या क्रमांकाची मते, १२,८०६, ‘नोटा’लाच होती.

दुसरी अडचण बूथची. एका मतदारसंघात दोन-अडीचशे मतदान केंद्रे असतात. प्रत्येक ठिकाणी मतदान प्रतिनिधी बसवायचा, तर तेवढी माणसे पहाटे साडेपाचला अभिरूप मतदानाला (यंत्राच्या चाचणीला) हजर पाहिजेत आणि संध्याकाळी यंत्र मोहोरबंद होईपर्यंत बसली पाहिजेत. माझ्याकडे एकेचाळीस माणसे होती, आणि त्यांतली सहा दुपारी जेवायला गेली ती परतलीच नाहीत. तुमच्याकडे समिती आहे, ही फार मोठी गोष्ट आहे. पैसे नसलेल्या उमेदवाराकडे निदान माणसे लागतात.

तिसरी गोष्ट कोणी आधी सांगत नाही. अर्ज मंजूर झाला की पहिल्या दिवसापासून लोक विचारतात, ‘तुम्हाला कोणी उभे केले?’ चांगल्या घरची, शिकलेली माणसे विचारतात. मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभेचा २०२४ चा निकाल अवघ्या ४८ मतांनी लागला; अशा शहरात प्रत्येक अपक्ष हा कोणाची तरी मते खाण्यासाठी सोडलेला, असे धरूनच चालतात. मग माघारीच्या आदल्या रात्री घरी माणसे येतात. कोणी गोडीने बोलतात, कोणी ‘पुढच्या वेळी महामंडळ’ म्हणतात. माझ्या ओळखीचा एक उमेदवार तर तेवढ्यासाठी दीड दिवस नॉट रिचेबल होऊन मामाकडे पेणला जाऊन राहिला. तुमच्या बाबतीत दबाव तुमच्यावर येणार नाही, समितीतल्या कोणाच्या तरी रखडलेल्या खोलीवर येईल. त्याचा विचार आत्ताच करा.

अनामत वाचवायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते लागतात, आणि त्या वैध मतांत ‘नोटा’ धरत नाहीत. शिवडीत दीड लाख वैध मते पडली असे मानले, तर पंचवीस हजारांच्या वर जावे लागेल. मला १,१०० च्या आतबाहेर होती.

जमाखर्च:

मी लेखापाल असून दोन उमेदवारांचे खर्चाचे हिशेब पाहिले आहेत. विधानसभेसाठी महाराष्ट्रात खर्चाची मर्यादा २०२२ पासून ४० लाख रुपये आहे. आपल्याला ती गाठायचीच नाही, त्यामुळे मर्यादेची चिंता नको. चिंता वहीची करा. अर्ज भरण्याच्या निदान एक दिवस आधी निवडणुकीपुरते स्वतंत्र बँक खाते उघडावे लागते आणि सारा खर्च त्यातूनच करावा लागतो. एका व्यक्तीला किंवा दुकानाला संपूर्ण निवडणुकीत मिळून १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देता येत नाही, आणि देणगी घेतानाही हीच रेघ.

नवख्यांची फसगत होते ती फुकट मिळालेल्या गोष्टींत. चाळीतल्या मंडपवाल्याने प्रेमाने खुर्च्या दिल्या, वडापाववाल्याने पैसे घेतले नाहीत, तरी जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या दरपत्रकाप्रमाणे त्यांची किंमत लावून ती नोंदवावी लागते, कारण खर्च निरीक्षकाचे पथक चित्रीकरण करून स्वतःची छाया नोंदवही लिहीत असते. तुमच्या वहीत पन्नास खुर्च्या आणि त्यांच्या वहीत दोनशे असल्या की नोटीस येते. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे-पत्ते छापलेले नसतील, तर तो वेगळा गुन्हा. देणगीदारांना हेही आधी सांगून ठेवा की, राजकीय पक्षाला दिलेल्या देणगीवर मिळते तशी आयकरातील वजावट अपक्ष उमेदवाराला दिलेल्या पैशांवर मिळत नाही.

निकालानंतर ३० दिवसांत हिशेब सादर करावा लागतो. हरल्यावर त्यात कोणाला रस उरत नाही. आणि वाजवी कारणाशिवाय तो दिला नाही, तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.

प्रभाग पहिला:

मला इथे वेगळे मत मांडायचे आहे. थेट विधानसभा कशासाठी? महापालिकेचे २२७ प्रभाग आहेत आणि एका प्रभागात सरासरी पंचेचाळीस हजार मतदार येतात. नऊ वर्षांची समिती एवढ्या मतदारांपर्यंत पायी पोहोचू शकते. मृणाल गोरे १९६१ मध्ये नगरसेविका झाल्या, गोरेगावच्या पाण्यासाठी झगडल्या, आणि १९७२ मध्ये विधानसभेत गेल्या. मध्ये अकरा वर्षांचे काम होते. याच पट्ट्यातून १९८४ च्या काँग्रेसच्या लाटेत डॉ. दत्ता सामंत अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले, असे उदाहरण कोणीतरी देईलच, म्हणून मीच देतो. ते कागदोपत्री अपक्ष होते. त्यांच्यामागे १९८२ च्या संपातील गिरणी कामगारांची घरेच्या घरे होती. २०२४ मध्ये राज्यात २८८ जागांसाठी ४,१३६ उमेदवार होते आणि अपक्ष निवडून आले दोन, दोन्ही मुंबईबाहेर.

चाळकरीण:

सर्वांचे मनापासून आभार. प्रभागाचा सल्ला मला पटतो आणि पटत नाहीही. आमच्या इमारतींचा प्रश्न नगरसेवकाच्या हातातला नाही. मालकाने दुरुस्ती वा पुनर्विकास केला नाही तर रहिवाशांना संधी कधी मिळणार आणि म्हाडा इमारत कधी ताब्यात घेणार, हे १९७६ च्या म्हाडा कायद्याच्या कलम ७९-अ मध्ये आहे, आणि तो कायदा विधिमंडळात बनतो. आम्ही नऊ वर्षे प्रभागातच भांडलो, आणि प्रत्येक वेळी उत्तर मिळाले की हे वरून ठरते. जिंकण्याच्या भ्रमात मी नाही. परंतु दोन आठवडे का होईना, इतर उमेदवारांना आमच्या थकलेल्या भाड्यावर व्यासपीठावरून उत्तर द्यावे लागावे, एवढे मला हवे आहे, आणि त्यासाठी दहा हजारांची अनामत गेली तर समिती ती वर्गणीतून सोसेल. एबी फॉर्मला मात्र कालच नकार कळवला.

नायबसाहेबांचे वाचून रविवारी आम्ही मतदार यादी घेऊन बसलो. समितीच्या पहिल्या चौदा नावांपैकी फक्त शिवडीच्याच यादीत असलेली सापडली नऊ. दोघांनी दिव्याला गेल्यावर रीतसर पत्ता बदलून घेतला आहे, दोघांची नावे दोन्हीकडे आहेत आणि एका आजोबांचे नावच वगळले गेले आहे, कारण पडताळणीला आलेल्या कर्मचाऱ्याला चाळ रिकामी दिसली. संक्रमण शिबिरातल्या लोकांनी आता काय करावे?

निवृत्त नायब:

ज्यांची नावे दोन्हीकडे आहेत, त्यांना सूचक करू नका. दोन ठिकाणी नोंद असणे हे कायद्याला धरून नाही, आणि समोरचा वकील छाननीत नेमके तेच काढील. त्यांनी जिथे राहतात तिथले नाव ठेवून दुसरे वगळण्याचा अर्ज करावा.

आजोबांसाठी नमुना ६, म्हणजे मतदार नोंदणीचा अर्ज, नव्याने भरावा लागेल. परंतु ते सध्या शिबिरात राहत असतील, तर नोंद तिथल्याच मतदारसंघात होईल, आणि प्रतीक्षानगर शिवडीत येत नाही; तेव्हा मतदार म्हणून त्यांचा हक्क परत मिळवा, सूचक म्हणून त्यांना सोडून द्या. जी नऊ नावे सापडली, त्यांपैकी अजून चाळीतच राहणारे किती, ते वेगळे काढा आणि उरलेले सूचक काळाचौकी, परळ, शिवडी गाव अशा भागांतून शोधा, जिथे पाडकाम लागलेले नाही. दर वर्षी जानेवारीच्या सुमारास अंतिम यादी प्रसिद्ध होते, तेव्हा प्रत्येकाचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक पुन्हा तपासावा, कारण नाव तेच राहून क्रमांक बदलतात. मतदारसंघांच्या सीमाही कायमच्या धरू नयेत. आजच्या सीमा २००८ च्या पुनर्रचनेच्या आहेत आणि अर्ज भरण्याच्या दिवशी जी यादी लागू असेल, तीच ग्राह्य.

आणि ज्यांनी दिव्याला रीतसर पत्ता बदलला, त्या दोघांना माझ्यातर्फे शाबासकी द्या. ते आपल्या मतदान प्रतिनिधींना डबे पोहोचवू शकतील; त्याला मतदार असावे लागत नाही, फक्त डब्यांची किंमत जमाखर्च यांच्या वहीत लिहावी.